समुद्रातील नदी

दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली, की बेळगावहून चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या मोटारींची रीघ सुरू होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबेही पूर्वीच्या मानाने आता फार सुलभपणे समुद्रावर जातात. कोणी गोव्यास, कोणी मालवणास अथवा गणपतीपुळ्यास, कोणी वलसाडजवळच्या तिथलला, तर कोणी विशाखापट्टणमला. समुद्रकिनारा हे सार्वजनिक उद्यानांतील सर्वांत विस्तीर्ण आणि सर्वांत स्वस्त उद्यान होय. त्यास कुंपण नाही आणि बहुतेक ठिकाणी तिकीटही नाही. समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा आणि अरण्ये ही शासनाच्या हाती असलेली जनतेची ठेव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले आहे. मात्र या उद्यानाची जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. आणि तेथील सर्व नियम कोणत्याही एका फलकावर लिहिलेले नसतात.

ते ठाऊक नसल्याची किंमत किती जबर असते, हे अलीकडच्या काही घटनांवरून दिसते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याजवळच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांपैकी डझनाहून अधिक मुलामुलींचा अंत झाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. २०२४ च्या डिसेंबरात मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर शाळेच्या सहलीतील चार मुली गेल्या. फेब्रुवारी, एप्रिल, डिसेंबर. यांतील एकही महिना पावसाळ्याचा नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वादळ नव्हते, आकाश भरून आलेले नव्हते. सहलीस जावे असेच ते दिवस होते.

अशा अपघातांत पोहता न येणारेच सापडतात, असाही एक समज आहे; तो खरा नाही. घाटावरचा मनुष्य पोहणे शिकतो ते बहुधा विहिरीत, पाठीला डबा बांधून. किंवा मग तलावात, किंवा अलीकडे शहरातील तरणतलावात. या सर्व ठिकाणच्या पाण्याचा एक गुण समान आहे. ते जागच्या जागी असते. विहिरीत दमलेला मुलगा चार हात मारून कडेला येतो आणि पायरी धरतो. कड कोठेही जात नाही आणि पाणीही त्यास कोठे नेत नाही. हीच सवय घेऊन तो समुद्रात उतरतो, आणि तेथेच घात होतो.

समुद्राचे पाणी तीन तऱ्हांनी हलत असते: लाटांनी, भरती-ओहोटीने आणि प्रवाहांनी. लाट दुरून येताना दिसते तेव्हा पाणीच किनाऱ्याकडे धावत येत आहे असे वाटते. वस्तुतः खोल पाण्यात फक्त हेलकावा पुढे सरकतो, पाणी जवळजवळ जागीच वरखाली होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जवळपास आली, की लाटेचा माथा पुढे कोसळतो, आणि मग मात्र खरोखरीच पाणी किनाऱ्याकडे लोटले जाते. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन एक टनाहून थोडे अधिक भरते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला धडधाकट माणूस आडवा होतो तो याच भाराने. लाट परतताना टाचांखालची वाळू घेऊन जाते. ‘पायाखालची वाळू सरकणे’ हा वाक्प्रचार आयुष्यभर वापरणाऱ्यास त्याचा शब्दशः अर्थ प्रथम तेथे कळतो.

भरती-ओहोटीचे गणित किनाऱ्यावरच्या लोकांस पंचांगावरून तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहा. दशमीस साडेसात. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच उशिरा येते. या हिशेबात ती पाऊण तास धरलेली आहे, एवढेच. हा ठोकताळा मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. दक्षिणेकडे, गोवा-कारवारास, भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ हवी असल्यास छापील कोष्टके आहेत, आणि आता ती हातातल्या दूरध्वनीवरही मिळतात. परंतु पंचांग उघडण्याची सवय असलेल्या घरात हे त्रैराशिक मुलांना शिकवून ठेवण्यास काहीच हरकत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत पडते. तेव्हाची भरती मोठी. तीस उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींस काटकोनात असते, तेव्हाची भरती लहान, ती भांगाची. गोव्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरांचे अंतर पडते, मुंबईस चारांहून अधिक, आणि खंभातच्या आखातात भावनगरकडे ते दहाच्या घरात जाते. बडोद्याच्या लोकांनी हा आकडा विसरू नये. दक्षिण गुजरातेत आणि आखाताच्या काठी ओहोटीचे पाणी इतके दूर जाते की समुद्र दिसेनासा होतो, आणि उत्साही मंडळी त्याच्या शोधात चिखल-वाळू तुडवीत पुढे जातात. पाणी परत येते ते सरळ समोरून येतेच असे नाही. सखल चरांतून ते आधी पाठीमागे शिरते आणि पुढे गेलेला माणूस बेटावर उभा राहतो. शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते इतके हळू चढते की कोणाच्या लक्षातही येऊ नये. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत मात्र एकूण चढावातील निम्मे पाणी चढून जाते. वाळूवर उभी केलेली मोटार बुडाल्याच्या ज्या बातम्या कोकणातून वारंवार येतात, त्यांचे कारण पुष्कळदा हेच असते.

परंतु लाट दिसते, भरती मोजता येते. खरा धोका तिसरा आहे.

लाटा कोसळून किनाऱ्याशी जे पाणी लोटतात, ते तेथे साठून राहू शकत नाही. त्यास परत जाणे भागच असते. वालुकामय किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे बांध तयार झालेले असतात. बांधाच्या माथ्यावर लाटा फुटत राहतात आणि आतले पाणी बाहेर पडण्यास वाट शोधते. बांधात कोठे खिंड असेल तिकडे ते दोन्ही बाजूंनी वाहत येते आणि त्या खिंडीतून एकवटून समुद्राकडे निघते. शास्त्रज्ञ यास ‘रिप करंट’ म्हणतात. मराठीत त्यास समुद्रातील नदी म्हटले तर वर्णन यथार्थ होईल. या नदीचा उगम किनाऱ्याशी, मुख समुद्रात, आणि लांबी बहुधा लाटा फुटतात त्या पट्ट्यापुरती किंवा त्यापलीकडे थोडी. रुंदी पुष्कळदा दहा ते तीस मीटर. एरवी तिचा वेग सेकंदास अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. पण लाटा मोठ्या असल्या म्हणजे तो दोन मीटरपर्यंत जातो, आणि एवढ्या वेगाने ऑलिंपिकमधील पट्टीचा पोहणाराही शंभर मीटर जेमतेम पोहतो. अमेरिकेतील जीवरक्षकांच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे लाटांच्या किनाऱ्यांवर त्यांना जी माणसे ओढून काढावी लागतात, त्यांतील शेकडा ऐंशींहून अधिक याच प्रवाहात सापडलेली असतात.

ही नदी दिसते कशी? येथेच तिचे कपट आहे. जेथून पाणी बाहेर जाते तेथे खिंड खोल असते, आणि खोल पाण्यात लाटा फुटत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंस पांढऱ्याशुभ्र लाटा कोसळत असताना मध्येच एक पट्टा शांत, किंचित गडद, गुळगुळीत दिसतो. मुलाबाळांस घेऊन आलेला गृहस्थ सावधपणेच जागा निवडतो. लाटा मोठ्या आहेत तेथे नको, हे पाणी बरे, म्हणून नेमका त्या शांत पट्ट्यात उतरतो. संथ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी हे त्याचे आजवरचे ज्ञान, आणि ते समुद्राच्या कडेला उलटे पडते. दहा मिनिटे उंच जागी उभे राहून नुसते पाहिले, तर पट्टा ओळखता येतो: तेथला फेस, शेवाळ, गढूळ वाळू किनाऱ्याकडे न येता बाहेर चाललेली असते आणि तेथला पृष्ठभाग बारीक सुरकुतलेला असतो. अर्थात प्रत्येक वेळी तो दिसतोच असे नाही. ओहोटीच्या सुमारास बांधांवरचे पाणी उथळ होते, आतले पाणी खिंडीतूनच बाहेर पडू लागते आणि ओढ सहसा वाढते. काल कंबरभर पाण्यात निर्धास्त खेळलेली जागा आज तशी असेल असे मानण्यास आधार नाही, कारण वाळूचे बांधही सरकत असतात.

हा प्रवाह माणसास खाली खेचतो, ही समजूत चुकीची आहे. तो खाली खेचीत नाही, बाहेर नेतो. मरण येते ते दमून. पाय सुटलेला मनुष्य घाबरतो, वाळूवर उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे पाहतो आणि सर्व बळ एकवटून सरळ त्यांच्याकडे पोहू लागतो. म्हणजे तो नदीच्या उगमाकडे पोहत असतो. विहिरीत शिकलेल्यास हे कळण्यास मार्ग नाही. पण कृष्णा, मलप्रभा, नर्मदा यांच्या पुरात पोहलेला माणूस असे कधीच करणार नाही. प्रवाहाशी झगडू नये, अंग सैल सोडून तिरपे जात काठ गाठावा, हे नदीकाठच्या पोरासही ठाऊक असते. समुद्रातील नदीलाही हाच नियम लागू आहे; फक्त तिचे काठ कोठे आहेत हे नीट समजले पाहिजे. समोर दिसणारी वाळू हा तिचा काठ नव्हे. तिचे काठ डाव्या-उजव्या हाताला, जेथे लाटा फुटत आहेत तेथे आहेत. सापडलेल्याने प्रथम पाठीवर पडून तरंगावे, श्वास सांभाळावा, हात वर करून मदत मागावी. अंगात बळ असेल तर किनाऱ्यास समांतर, फुटत्या लाटांच्या दिशेने पोहावे. एका बाजूस ओढ जाणवली तर दुसऱ्या बाजूस वळावे. त्या लाटांत पोचल्यावर त्याच लाटा त्यास किनाऱ्याकडे ढकलतात. पोहता येत नसेल तर तरंगत राहण्यातच शहाणपण आहे. प्रवाह पुढे विरून जातो, आणि पुष्कळदा तो गोल फिरून उथळ पाण्याकडे परतही आणतो, असे गेल्या काही वर्षांच्या निरीक्षणांत आढळले आहे.

वाळूच्या बांधांतील खिंडीप्रमाणेच खडकाळ टेकडीच्या कडेलाही असा प्रवाह पुष्कळदा कायमचा असतो, आणि खऱ्या नद्यांच्या मुखाशी तर दोन्ही नद्या एक होतात. ओहोटीच्या वेळी खाडीतले सारे पाणी अरुंद मुखातून बाहेर धावते. तेरेखोलच्या मुखाशी केरी, मांडवीच्या मुखाशी मिरामार, बागाची खाडी, साळ नदीच्या मुखाशी मोबोर. येथे वाळू कितीही सुंदर असली तरी मुखाजवळ पाण्यात उतरू नये. हणजुणे, वागातोर येथील खडकांची गोष्ट निराळी. तेथे बुडणारे पुष्कळसे पोहावयास गेलेलेच नसतात. शेवाळलेल्या खडकाच्या टोकावर छायाचित्रासाठी उभ्या राहिलेल्या माणसास दहा लहान लाटांमागून येणारी एक मोठी लाट पुरेशी होते.

ही मोठी लाट येते कोठून? वारा नाही, ढग नाही, आणि तरीही समुद्र अकस्मात चढतो, असा अनुभव दक्षिणेकडील किनाऱ्यांवर विशेष येतो. केरळात यास ‘कल्लक्कडल’ म्हणतात. चोरपावलांनी येणारा समुद्र, असा त्याचा आशय. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे झालेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येथे पोचतात. २०२४ च्या मे महिन्यात कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी अशाच समुद्राने नेले. त्यापूर्वी धोक्याची सूचना निघालेली होती. ती सूचना निघाली समुद्रापासून कित्येक कोस दूर असलेल्या हैदराबादेतून. भारतीय राष्ट्रीय महासागर सूचना सेवा केंद्र, ज्यास ‘इन्कॉइस’ या संक्षिप्त नावाने ओळखतात, ते १९९९ पासून तेथे आहे, आणि लाटांची उंची, उधाण, त्सुनामी यांविषयीचे देशभराचे इशारे तेथूनच निघतात. हैदराबादच्या मराठी मंडळींनी समुद्रावर निघण्यापूर्वी आपल्याच शहरातून निघालेले हे पत्रक पाहून घेतले तर फार सोय होईल.

पावसाळ्याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालीत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांच्या मासेमारीस कायद्यानेही बंदी असते. ज्या समुद्रात खारवी उतरत नाही त्यात पाहुण्याने उतरू नये.

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. लाल निशाण म्हणजे पोहण्यास मनाई. वर लाल आणि खाली पिवळा असा दुरंगी ध्वज दिसला, तर अशा दोन ध्वजांमधील पाण्यावर जीवरक्षकाची नजर आहे असे समजावे. त्यांच्या मधोमध उतरावे. तेथे गर्दी आहे म्हणून शंभर पावले बाजूला सरकणे हा व्यवहार तोट्याचा आहे. जीवरक्षकाने शिटी वाजविली की पुष्कळ पुरुष मंडळींना तो आपला अपमान वाटतो. वाळूवर उतरल्याबरोबर त्याच्याशी दोन शब्द बोलून ‘आज ओढ कोठे आहे?’ एवढे विचारले तर उत्तर सहसा आपुलकीने मिळते. अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नये, आणि मद्यपान केलेल्याने तर दिवसाही नाही. कोकणातील कितीतरी किनाऱ्यांवर जीवरक्षक नाहीत. तेथे गावातील कोळ्यास विचारावे. त्याची सूचना हाच तेथला ध्वज.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आईबापांस सहसा ठाऊक नसते. बुडणारा ओरडत नाही. चित्रपटात दिसते तशी हातवाऱ्यांची आणि हाकांची धडपड प्रत्यक्षात क्वचितच होते. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असताना श्वास घेणेच कठीण, तेथे हाक कोठून फुटणार? मूल गप्प उभे राहिल्यासारखे दिसते, डोके मागे कलते, आणि मिनिटाच्या आत दिसेनासे होते. म्हणून मूल हाताच्या अंतरावर असावे आणि पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर नसावे. चार मोठी माणसे किनाऱ्यावर बसली आहेत यावर विसंबणे व्यर्थ. चौघांपैकी प्रत्येकास दुसरा पाहतो आहे असे वाटत असते. एकाने पाहण्याचे काम नाव घेऊन पत्करावे आणि उठताना ते दुसऱ्यावर सोपवावे.

कोणी ओढला गेलाच, तर त्याच्यामागे उडी घेण्याची ऊर्मी आवरणे हे सर्वांत अवघड काम आहे. एकापाठोपाठ एक बुडाल्याच्या बातम्यांत पहिला चुकलेला असतो, पुढचे त्यास वाचवावयास गेलेले असतात. हातात हात गुंफून साखळी करणेही धोक्याचे. वाळू सरकली की साखळीच वाहून जाते. तरंगणारे काहीतरी फेकावे. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, पाण्याचा रिकामा कॅन, मोटारीतील फुगवलेली ट्यूब, काहीही चालेल. लहानपणी पाठीला बांधला होता तोच डबा येथे उपयोगी पडतो. एकाने बोटाने बुडणाऱ्याची जागा दाखवीत राहावे, दुसऱ्याने जीवरक्षकाकडे धावावे किंवा ११२ क्रमांक फिरवावा. बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात अथवा त्यास उलटे धरण्यात वेळ घालवू नये. आधी तोंडाने तोंडात श्वास द्यावा, नंतर छातीच्या मध्यावर तीस दाब, पुन्हा दोन श्वास. मदत पोचेपर्यंत हा क्रम सोडू नये. शुद्धीवर आला तरी त्यास रुग्णालयात नेणे आवश्यक आहे, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

हे सर्व वाचून समुद्रावर जाणेच नको असे कोणास वाटेल. तसे वाटण्याचे कारण नाही. समुद्रावरचे उत्तम ते सारे पाण्यात शिरल्यावाचूनही मिळते, आणि ते ओहोटीच्या वेळी मिळते. मघाच्याच हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येस भरती मध्यान्ही आणि मध्यरात्री, म्हणून पूर्ण ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. गोव्यास त्याआधी थोडी. त्यानंतरच्या दोन-तीन तिथींस सूर्योदयाची वेळ गोव्यात चालण्यास अतिशय सोयीची. ओली वाळू तेव्हा पायाखाली घट्ट असते. तीवर वाटाण्याएवढ्या गोळ्यांच्या रेषा उमटलेल्या दिसतात, मध्यभागी छिद्र आणि त्यापासून फाकलेली नक्षी. हे काम लहानशा खेकड्यांचे. वाळूच्या कणांना चिकटलेले अन्न तोंडाने टिपून घेऊन ते उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पुढची भरती सारी रांगोळी पुसून टाकते आणि ओहोटी लागताच ती पुन्हा घातली जाते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूवर, जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिच्या मुळांनी वाळूच्या टेकड्या धरून ठेवल्या आहेत, म्हणून तिच्यावरून मोटार नेऊ नये. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे हिवाळ्यात कासवीण अंडी घालावयास येते, तीही या वेलीच्या आसपास. समुद्र सहसा जेथपर्यंत येतो तेथवर वाढत येऊन ही वेल थांबते. मराठीत तिचे नाव मर्यादवेल असे आहे.